गोधडी : शिवणे आणि देणे



ह्या व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे विषय येतात. कायदा, इतिहास, शेती, संतवाङ्मय अशा विषयांच्या रांगेत ‘गोधडी’ हा विषय पाहून कित्येकांना नवल वाटले असेल. त्यातून दिवस वैशाखाचे. अंगावर साधी चादरसुद्धा नकोशी होते, अशा वेळी पांघरुणाची चर्चा कोण ऐकणार, अशी शंका आमच्याही मनात आली. परंतु गोधडी शिवण्याचे दिवस हेच आहेत. जुनी लुगडी धुवून कडकडीत उन्हात वाळवावयाची ती ह्याच दिवसांत, आणि शिवणीला बसावयाचे तेही मृगाचा पाऊस येण्यापूर्वी. एकदा हवा दमट झाली की जाड शिवण आतून वाळत नाही आणि कुबट वास धरते. म्हणून पौषात ज्याला ऊब द्यावयाची आहे त्याने वैशाखात सुई ओवली पाहिजे.

आम्ही म्हणजे ह्याच गावातल्या दहा-बारा जणी. दुपारचे काम आटोपले की एकत्र बसतो, गोधड्या शिवतो आणि ज्यांना हव्या असतील त्यांच्यापर्यंत पोचवतो. ह्या कामात जे पाहिले, जे वाचले आणि ज्याचा विचार करावा लागला, ते आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. विषय दानाचा आहे, पण दानाच्या पुण्याविषयी आम्ही फारसे बोलणार नाही. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरी गेल्यावर तिचे काय होते, हा आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपण गोधडी म्हणतो, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी म्हणतात, आणि तान्ह्या मुलाची असेल तर तिला दुपटे हे लाडके नाव मिळते. दुलई आणि रजई ह्या तिच्या श्रीमंत नातेवाईक. त्यांच्या पोटात कापूस असतो. गोधडीच्या पोटात कापडच असते. थरावर थर घालून ते धावदोऱ्याने एकमेकांना बांधलेले असतात. ऊब गोधडीत नसते, ऊब आपल्याच अंगाची. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, कारण थराथरांमध्ये हवा कोंडून राहते आणि कोंडलेली हवा उष्णता सहसा सोडत नाही. टाके फार दाट घातले की थर दबतात आणि ऊब थोडी कमी होते. फार विरळ घातले की चार धुण्यांत आतले कापड गोळा होते. दोहोंमधला मेळ साधणे हीच ह्या कलेची किल्ली, आणि ती कोणत्याही पुस्तकात लिहून न ठेवता आपल्या आज्या-पणज्यांना पुरती अवगत होती.

आता थोडा हिशेब करू. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते, आणि रुंदी साधारण चार फूट. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची गोधडी आपोआप बसते. कातरीची जवळजवळ गरज नाही. बोटभर, म्हणजे सुमारे इंचभर अंतराने टाक्यांच्या ओळी घातल्या तर चार फुटांच्या रुंदीत अठ्ठेचाळीस ओळी येतात. प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची, म्हणजे एकूण तीनशे चोवीस फूट शिवण झाली. एका इंचात तीन टाके धरले तर टाक्यांची संख्या साडेअकरा हजारांच्या वर जाते. सरावलेल्या हातालाही ह्या कामास वीस-पंचवीस तास लागतात. ह्यात दुरुस्तीच्या ठिगळांचे आणि कडेच्या पट्टीचे टाके धरलेले नाहीत. आपल्या घरी माळ्यावर पडलेली आजीची गोधडी खाली काढाल तेव्हा हा आकडा आठवावा, एवढीच विनंती.

अशा वस्तूला आपल्या समाजाने दोन अगदी निराळ्या दृष्टींनी पाहिले. एका दृष्टीने गोधडी ही दारिद्र्याची खूण. चिंध्या, ठिगळे, वाकळ हे शब्दच आपण नाक मुरडून उच्चारतो. दुसऱ्या दृष्टीने ती वैराग्याची खूण. संस्कृतात तिला कंथा म्हणतात, आणि नाथपंथी जोगी ती अंगावर घालून हिंडत. बौद्ध संघात तर चिंध्यांच्या वस्त्राला नियमाचे स्थान मिळाले. विनयग्रंथातली कथा अशी : भगवान बुद्धांनी मगध देशातली बांधांनी आखलेली भातशेते पाहिली आणि भिक्षूंची वस्त्रे अशी आखता येतील का, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. कापलेल्या व पुन्हा जोडलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, म्हणून चोरालाही त्याचा लोभ होत नाही, हाही त्यातला एक हेतू. वर्षावास संपल्यावर संघाला कापड द्यावयाचे, भिक्षूंनी मिळून ते एका दिवसात शिवावयाचे आणि ते संघाने निवडलेल्या एका भिक्षूला द्यावयाचे, हा कठिन चीवराचा विधी आजही चालतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून चीवरदान हा शब्द महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पुन्हा बोलला जाऊ लागला. अनेक हात, एक दिवस आणि एक वस्त्र, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते.

त्याच १९५६ सालच्या डिसेंबरात गाडगेबाबा गेले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा, ही त्यांची मूर्ती आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या ह्या माणसाने दुसऱ्यांनी चिंध्याच पांघराव्यात असे कधी म्हटले नाही. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, आणि उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हे त्यांच्या शिकवणुकीतले एक सूत्र होते. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी दूरदूरच्या गावांहून जी माणसे येतात, त्यांना तिचा मोठा आधार असतो. वैराग्य स्वतःसाठी आणि ऊब दुसऱ्यासाठी, असा हा हिशेब आहे. दान करताना आपण नेमके उलटे करतो. ऊब आपल्यासाठी ठेवतो आणि वैराग्य दुसऱ्याला देतो. फाटके, विटलेले, गुंड्या तुटलेले कपडे गाठोड्यात बांधतो आणि ‘गरिबांना तेवढेच’ असे म्हणतो.

हे काम एकट्या महाराष्ट्राचे नव्हे. बंगालात जुन्या साड्या-धोतरांच्या थरांवर काठातून उसवून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी चित्रे भरतात आणि तिला काँथा म्हणतात. बिहारात तिचीच बहीण सुजनी. नव्या जन्मलेल्या बाळाला जुन्या कापडाच्या सुजनीत गुंडाळण्याची तिथे रीत होती, आणि चिंध्यांची एक देवीही तिथे मानतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर ह्या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. हा समाज मूळचा आफ्रिकेतला. पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांच्या काळात त्यांचे पूर्वज ह्या किनाऱ्यावर आणले गेले आणि त्यांतले कित्येक गोव्यातून जंगलात निघून गेले. त्यांची कवंदी कडेपासून शिवत शिवत मध्यापर्यंत जाते. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुले बसवतात. फुले नसतील तर कवंदी नागडी राहिली असे त्या मानतात. आता हा शब्द पाहा. चार कोपऱ्यांतल्या त्या फुलांनी ऊब तिळभरही वाढत नाही. तरीही त्यांच्यावाचून पांघरूण उघडे, असे ज्या स्त्रीला वाटते तिला चिंधीचा मान कळला आहे. मदत म्हणून देण्याच्या वस्तूला सौंदर्य कशाला, असे विचारणाऱ्यांना आम्ही हल्याळचे हे उत्तर देतो.

शिवून देण्याची चळवळ म्हणून ज्याला म्हणता येईल, त्याची मोठी उदाहरणे परदेशांत आढळतात. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा उत्तरेकडील सैन्याच्या रुग्णालयांसाठी स्वच्छता आयोग नावाची संस्था निघाली आणि तिने देशातल्या स्त्रियांना आवाहन केले. त्यात गोधड्यांचे मापसुद्धा दिले होते. स्वस्त कापडाच्या, सुमारे सात फूट लांब आणि पन्नास इंच रुंद गोधड्या पाठवाव्यात, असे ते माप. लष्करी खाटेवर बसेल असा तो आकार होता. घराघरांतल्या मोठ्या पलंगांवरच्या नक्षीदार गोधड्यांचा तिथे उपयोग नव्हता. आमच्या नऊवारीच्या चार घड्यांशी हे माप किती जुळते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. निजलेल्या माणसाचे माप सर्व देशांत सारखेच. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या स्त्रियांनी रेड क्रॉसमार्फत इंग्लंडात गोधड्या पाठवल्या, आणि बाँबहल्ल्यांत घरे गमावलेल्या कुटुंबांनी त्या पांघरल्या. आपल्याकडे १९६२ साली चीनने आक्रमण केले त्या हिवाळ्यात जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणणाऱ्या माता-भगिनी ज्यांनी पाहिल्या, असे काही ज्येष्ठ श्रोते आजही आपल्यात असतील.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. १९९५ साली अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एका बाईने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीची हकीकत वाचली. औषधोपचाराच्या कठीण दिवसांत त्या मुलीला आपल्या पांघरुणाचा मोठा आधार वाटला होता. ते वाचून तिने आजारी मुलांसाठी हाताने केलेली पांघरुणे गोळा करण्यास सुरुवात केली. एका प्रसिद्ध चित्रमालिकेतला लायनस नावाचा मुलगा आपले पांघरूण कधीच सोडत नाही, त्याचे नाव ह्या कार्याला मिळाले. तिथला नियम असा की पांघरूण नवे असावे, हाताने केलेले असावे आणि धुता यावे. वापरून टाकलेले चालत नाही. ह्या नियमांमागे एक दृष्टी आहे. आजारी मुलाला जे द्यावयाचे ते त्याच्यासाठी म्हणून केलेले असले पाहिजे.

इथपर्यंत ऐकून कोणी व्यवहारी श्रोता मनात म्हणत असेल : हे सारे ठीक, पण हिशेब काय सांगतो? वीस-पंचवीस तासांच्या श्रमात एक गोधडी. तेवढ्या वेळाच्या मजुरीत बाजारातून कितीतरी ब्लँकेटे येतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पानिपत हे नाव मराठी माणसाच्या कानाला १७६१ पासून दुखरे आहे, पण आज त्या गावाची ख्याती वेगळीच आहे. पाश्चात्य देशांतले टाकलेले लोकरी कपडे तिथे येतात, यंत्रांत पिंजले जातात, त्यांचे पुन्हा सूत निघते आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे जगभरच्या मदतकार्यांत जातात. म्हणजे चिंधीचे पांघरूण करण्याचे आपलेच काम पानिपतने यंत्रावर चढवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. अशा वेळी चार दिवसांत हजारो पांघरुणे लागतात. तिथे गोधडीचा हट्ट धरणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. तिथे ब्लँकेटच पाठवावे, आणि पैसे पाठवणे त्याहून बरे.

मग गोधडीची जागा कोणती? आपत्तीचे पहिले आठ दिवस ही तिची जागा नव्हे. वर्षानुवर्षे रोज रात्री जे पांघरूण अंगावर येते आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुतले जाते, तिथे गोधडी कामाला येते. चार थरांची सुती गोधडी वर्षानुवर्षे धुता येते आणि प्रत्येक धुण्यात मऊ होते. फाटली तर घरातल्याच चिंधीने शिवता येते. तिच्यावर ठिगळ शोभते. स्वस्त ब्लँकेट विरले की त्याला ठिगळ लावता येत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. शिवाय आपली थंडी ही काश्मीरची थंडी नव्हे. आपल्याला रात्री बारापर्यंत एक पदर पुरतो आणि पहाटे चार लागतात. घाम टिपणारे सुती पांघरूणच आपल्या हवेला मानवते.

परंतु जागा ठरली म्हणजे काम झाले असे नाही. देण्याची वस्तू घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बेतावी लागते, आणि ही गरज त्याच्या दारात जाऊनच कळते. एका रुग्णालयाला आम्ही वॉर्डातल्या खाटांसाठी गोधड्या देऊ केल्या, तेव्हा तिथल्या मुख्य परिचारिकाबाईंनी आम्हांला धुलाईघरात नेले. तिथली यंत्रे, कढत पाणी, रोजच्या चादरींचा ढीग दाखवला आणि म्हणाल्या, “बाई, ही जाड गोधडी आमच्या पाळीत वाळणार नाही, आणि ओली राहिली तर मी पेशंटला देणार नाही.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मग त्यांनीच तोड सुचवली. गोधडी वॉर्डाला न देता बाळंतिणीच्या हाती घरी जाताना द्यावयाची, आणि बाळासाठी दोनच थरांचे पातळ दुपटे करावयाचे. त्यातही एक पथ्य आहे. वर्षाच्या आतले मूल झोपलेले असता त्याच्या अंगावर जड किंवा सैल पांघरूण टाकू नये, ते तोंडावर आले तर श्वास कोंडतो, असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. म्हणून दुपटे देताना आम्ही ते मांडीवर घेण्यासाठी, उचलून नेण्यासाठी आहे, हे आईला आणि विशेषतः आजीला समजावून सांगतो.

वृद्धाश्रमात निराळीच गोष्ट कळली. तिथल्या कित्येक आजी-आजोबांना जड पांघरूण नको असते. झोपेत कूस वळताना ते हातांना पेलत नाही आणि रात्री उठताना पायांत गुरफटते. त्यांच्यासाठी तीन थर पुरतात, लांबी फूटभर कमी ठेवावी आणि डोक्याकडची कड वेगळ्या रंगाची लावावी, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यालाही वरची बाजू कळते. कापडाविषयीही एक सांगणे आहे. हल्ली घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या फार. दिसायला त्या झुळझुळीत, पण गोधडीला त्या कामाच्या नाहीत. त्या अंगावरून घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. शंका आली तर कडेचा एक धागा काढून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. कापसाचे पोट भरलेली दुलईही आम्ही देत नाही, कारण घरी धुतली की तिच्यात गोळे होतात.

आता आम्हांला ज्याने सर्वांत अधिक विचार करावयास लावले, त्या प्रसंगाकडे येतो. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि पाडव्याच्या सुमारास परत जातात. कडाक्याच्या थंडीचे सारे महिने उसाच्या फडाकडेला, पाचटाच्या कोपीत काढावयाचे. आईबाप पहाटे अंधारातच तोडीला निघतात, लहान मुले कोपीत निजलेली असतात. एका पौषात आम्ही अशा एका तळावर गोधड्या घेऊन गेलो. एका बाईने गोधडी घेतली, पण लगेच खांद्यावर टाकली नाही. ती उलटी केली, टाक्यांवरून बोट फिरवले, कड ताणून पाहिली आणि विचारले, “कुनी शिवली?” आम्ही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “चांगली हाय. पर बाई, शिवायला आमाला बी येतंय. कापड कुठून आनायचं, तेवढं सांगा. सहा महिने घरी असतो तवा हाताला दुसरं कामच नसतं.”

ह्या वाक्यावर आमच्या मंडळात पुढे कित्येक दुपारी चर्चा चालली. आपल्यापेक्षा सरस शिवणाऱ्या हातांना आपण शिवलेली गोधडी देतो, हे दान की काय? ज्याच्याजवळ वस्तू नाही त्याच्याजवळ विद्याही नाही, असे आपण सहज धरून चालतो. खरे पाहता गोधडीची विद्या गरिबाच्याच घरी राहिली. सुखवस्तू घरांनी ती केव्हाच सोडली, आणि आता तीच गोधडी शहरातल्या दुकानांत भारी किमतीला टांगलेली दिसते. त्या किमतीतला शिवणारणीचा वाटा किती, हे दुकानदाराला विचारून पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण गरिबाला सांगत आलो. ज्याला अंथरूण शिवता येते त्याला कापड मिळू नये आणि ज्यांच्या कपाटात कापड सडते त्यांना सुई धरता येऊ नये, ह्याविषयी मात्र आपल्याकडे म्हण नाही.

ह्या प्रश्नाशी इतरत्रही माणसे झगडली आहेत. अंशू गुप्ता ह्यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू केली आणि २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचे मुख्य म्हणणे असे की कपडा ही भीक म्हणून देऊ नये. गावातल्या लोकांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, तळे उपसावे आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. जे कपडे नेसण्याजोगे राहिले नाहीत त्यांच्या सुजनी तिथे शिवल्या जातात, आणि ते शिवणे हाही रोजगारच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड हे निग्रो शेतमजुरांचे गाव. तिथल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मताधिकारासाठी नाव नोंदवले म्हणून त्या भागातल्या कित्येक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. तेव्हा, १९६६ साली, तिथल्या आणि आसपासच्या स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली आणि आपल्या सुईवर पैसे मिळवले. त्यांना कोणी गोधडी दिली असती तर एक रात्र उबेत गेली असती. गोधडीला रास्त किंमत मिळाली, म्हणून त्यांना ताठ उभे राहता आले.

म्हणून आम्ही आमच्या कामाची रीत बदलून घेतली. आता आम्ही कापड गोळा करतो, निवडतो, धुतो, उन्हात घालतो, घड्या जुळवून टाचतो आणि अशा टाचलेल्या गोधड्यांपैकी निम्म्या, ठरलेली शिलाई देऊन, शिवणाऱ्या बायांकडे सोपवतो. शिलाईचे पैसे देणगीतून येतात. शिवून झालेल्या गोधड्यांतली एक बाईने आपल्या घरासाठी ठेवावी, बाकीच्या पुढे जातात. उरलेल्या निम्म्या आम्ही स्वतः शिवतो. कोणी विचारतात की पैसेच देत असाल तर स्वतः कशाला शिवता? ह्याचे उत्तर असे की, साडेअकरा हजार टाके आपल्या बोटांनी घातल्याशिवाय दुसऱ्याची शिलाई किती द्यावी हे कळत नाही. आमच्यातल्या ज्या बहिणी पूर्वी शिलाईवरून घासाघीस करीत, त्यांनी पहिली गोधडी पुरी केल्यावर घासाघीस सोडली.

आता समारोप. आम्ही आपल्याजवळ तीन गोष्टी मागतो. पहिली म्हणजे कपाटातले सुती कापड. लुगडी, धोतरे, चादरी, सुती पडदे, काहीही चालेल, पण ते धुतलेले असावे आणि स्वतःच्या मुलाच्या अंगावर घालावयास आपल्याला संकोच वाटू नये, असे असावे. ही एकच कसोटी लावली तर दुसरा नियम करण्याची गरज नाही. गेलेल्या आईचे लुगडे कित्येकांना देववत नाही आणि टाकवतही नाही. अशांना आम्ही सांगतो की ते द्या आणि त्यातलाच एक काठ उसवून आपल्याजवळ ठेवा. दुसरी मागणी वेळाची. आठवड्यातले तीन तास, स्त्रियांचे आणि पुरुषांचेही. सुई ही बायकांचीच, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. शिंपी पुरुष, गादीवाले पुरुष, आणि चीवर शिवणारा आनंदही पुरुषच होता. तिसरी मागणी शिलाईची. एक गोधडी शिवण्याचे पूर्ण दाम एका घराने द्यावे, म्हणजे एका घरात ऊब जाईल आणि दुसऱ्या घरात मजुरी जाईल.

मृगाला अजून काही आठवडे आहेत. ऊन चांगले आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरचे गाठोडे खाली काढावे, झटकावे आणि उद्या दोरीवर घालावे. पुढचे काम आपण मिळून करू.